सहाव्या बाराला दोन तुकडे : एका पितळी पुंगळीचा पंचनामा

रायफलीचा बोल्ट मागे ओढला तेव्हा हाताला नेहमीचा अडसर लागला नाही. बाहेर आलं ते काडतुसाच्या पुंगळीचं नुसतं बूड, जेमतेम एक सेंटिमीटर उंचीची पितळी टोपी. उरलेली नळी, गोळी धरणारी अरुंद मान आणि तिच्याखालचा उतरता खांदा यांसकट, चेंबरमध्येच, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या पोकळीतच, बसून राहिली होती. मित्राने ती टोपी तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरली. "बघ. सहावाच बार. लोक म्हणे वीस-वीस वेळा भरतात, आणि माझी सहाव्यालाच तुटते. पितळच भिकार आहे हे."

पितळ भिकार नव्हतं, पण ते मला तेव्हा सांगता आलं नाही, कारण मलाही तसंच वाटलं होतं. शिवाय माझं तोंड जरा बंदच होतं. त्याचं कारण पुढे येईल.

आधी मुद्देमाल सांगतो. रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन, .३०८ विंचेस्टर. पुंगळ्या एकाच लॉटच्या शंभर, नव्या कोऱ्या घेतलेल्या आणि याच एका रायफलीत वापरलेल्या. गोळी आणि दारू पुस्तकातल्या मर्यादेत. झडलेल्या पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टिकली), दारू आणि गोळी घालून ती पुन्हा भरण्याचं काम रीतसर परवानगी असलेलं. मित्राला वही ठेवायची सवय आहे, त्यामुळे कुठली पुंगळी किती वेळा भरली, कधी कापली, सगळं लिहिलेलं होतं. ही वही नसती तर पुढचं काहीच उलगडलं नसतं. वेगवेगळ्या ठिकाणाहून गोळा केलेल्या, किती बार झालेत ते माहीत नसलेल्या पुंगळ्या एका डब्यात घालणारा माणूस असा तपास करूच शकत नाही. त्याला दर वेळी नशीब आजमावावं लागतं.

त्या दिवशी नेमबाजी तिथेच थांबवली. बूड तुटतं तेव्हा तप्त वायू बॅरलमधून पुढे जाण्याऐवजी थोडा मागे, अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट चालतो त्या भागात येतो. मित्राच्या चष्म्याच्या काचेवर बारीक काजळी बसली होती. चष्मा नसता तर ती डोळ्यांत गेली असती. अडकलेली नळी तुटक्या पुंगळ्या काढायच्या अवजाराने काढली. ते अवजार आत सरकवायचं, बोल्ट बंद करायचा, उघडायचा, की नळी त्याला धरून बाहेर येते. स्क्रूड्रायव्हरने उचकटायचा मोह होतो आणि तसं करणाऱ्यांनी चांगल्या चेंबरवर कायमचे ओरखडे पाडून ठेवलेत.

माझी चूक

दीड महिन्यापूर्वी, चौथ्या भरणाच्या वेळी, मित्राने विचारलं होतं : "पुंगळ्या फार पटापट लांब होतायत. दर दुसऱ्या वेळी ट्रिम कराव्या लागतात. असं असतं का?" .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिमी. त्यापलीकडे गेली तर मानेचं तोंड चेंबरच्या टोकाला अडतं, गोळीभोवती आवळलं जातं, आणि दाब नको तितका चढतो. म्हणून ५०.९३ पर्यंत कापून ठेवायची पद्धत आहे. याच्या पुंगळ्या दोन बारांत ही सगळी पाव मिलिमीटरची सवलत खाऊन टाकत होत्या.

मी काय सांगितलं? "अ‍ॅनीलिंग कर." म्हणजे मान तापवून ताठरलेलं पितळ पुन्हा मऊ कर. जो भेटतो तो हेच सांगतो. पुंगळीचं आयुष्य हा शब्द निघाला की लोकांचा हात आपोआप टॉर्चकडे जातो. माझाही गेला. त्याने इमानेइतबारे शंभरच्या शंभर माना तापवल्या, निळसर पट्टे छान उमटले, आणि दोन बारांनंतर बूड तुटून हातात आलं.

मान तापवून बूड कसं वाचणार? उलट बूड कडकच राहायला हवं. दाबाची खरी मार तिथे बसते. रोग पोटात, लेप कपाळावर, असा प्रकार. आणि मला तर हे कळायलाच हवं होतं. टूलरूममध्ये उभा जन्म गेलाय माझा. धातू एका टोकाने वाढत असेल तर तो दुसरीकडून येत असणार, हे पोराटोरालाही शिकवतो मी. मानेपुढे दर वेळी दशांश मिलिमीटरभर पितळ जास्त येत होतं. ते कुठून येत होतं? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. ट्रिमरखाली साचलेला पितळी चुरा हाच पंचनाम्यातला पहिला पुरावा होता आणि आम्ही तो ब्रशने झाडून टाकला.

कापून पाहिलं

उरलेल्या नव्व्याण्णवांतल्या पाच पुंगळ्या उचलल्या. त्यांचा प्रायमर काढला, लाकडी जबड्यात धरल्या आणि बारीक दाताच्या हॅकसॉने उभ्या चिरल्या. कापलेली कड कानशीने सपाट केली, वर पॉलिश पेपर मारला.

पुंगळीचा उभा छेद ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा बघावाच. तळाशी पितळाचा भरीव ठोकळा, त्यात प्रायमरची खोबण. ठोकळ्याच्या वरच्या अंगाला भिंत सुरू होते ती जाड, आणि वर जाताना निमुळती होत मानेपाशी साधारण ०.३६ मिमीवर येते. ही निमुळती रेष गुळगुळीत असायला हवी. आमच्या पाचपैकी चार छेदांत, बुडापासून साधारण आठ-नऊ मिलिमीटरवर, आतल्या बाजूने एक खाच होती. दोऱ्याने घट्ट बांधून ठेवलेल्या वस्तूवर वळ उठतो तशी. बाहेरून त्याच जागी फिकट चकचकीत कडं. पाचव्या पुंगळीत खाच नव्हती, पण भिंत तिथे स्पष्ट बारीक झाली होती.

मग उरलेल्यांना तारेने तपासलं. कागदाला लावायच्या क्लिपची तार सरळ करायची, टोक दोन मिलिमीटर काटकोनात वाकवायचं आणि कानशीने धार करायची. ती मानेतून आत घालून तळापर्यंत न्यायची आणि टोक भिंतीला टेकवून हलकेच वर ओढायची. चांगल्या पुंगळीत टोक सरसर येतं. खराब पुंगळीत ते एका जागी खट्‌कन अडकतं. सुरुवातीला दहा-बारा पुंगळ्यांत काही कळत नाही, मग एकदा ती खट्‌ सापडली की बोटं विसरत नाहीत. आम्ही चिरलेल्या पुंगळीच्या जोडीने सराव केला. डोळ्याला खाच दिसते, तारेला काय जाणवतं ते ताडून पाहायचं.

एक खुलासा. बुडाच्या जरा वर बाहेरून चमकतं कडं दिसलं म्हणजे प्रत्येक वेळी मरण नव्हे. झडलेली पुंगळी प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणणारा साचा म्हणजे डाय; ती जिथपर्यंत उतरते तिथे घासल्याची एक पट्टी चांगल्या पुंगळीवरही उमटते. तिला घाबरून चांगला माल फेकणारेही पाहिलेत. निकाल आतून लागतो.

अख्खा लॉट बाद झाला. सगळ्यांतच खाच खोल होती असं नव्हे, पण सगळ्या एकाच वाटेवर होत्या, आणि अर्धवट तुटलेल्या पुंगळीवर कोणी पैज लावत नाही.

पितळ ताणलं कुठे

बिनकड्याची (बुडाला बाहेर आलेली कड नसलेली), खांद्यावर टेकणारी पुंगळी चेंबरमध्ये शिरते तेव्हा तिचा खांदा चेंबरच्या खांद्याला टेकतो आणि बूड बोल्टच्या तोंडाला टेकायला हवं. खांदा नको तितका मागे ढकललेला असेल तर बूड आणि बोल्ट यांच्यात फट राहते. फायरिंग पिन आपटते आणि पुंगळीला पुढे रेटते, फट पूर्णपणे मागच्या बाजूला जमा होते. मग दाब चढतो. .३०८ साठी सीआयपीची, म्हणजे काडतुसांची मापं आणि दाब ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, कमाल मर्यादा ४१५० बार आहे (इथे बार हे दाबाचं एकक). एवढ्या दाबाखाली पुढची पातळ भिंत फुगून चेंबरला चिकटते, हलायचं नाव घेत नाही. बूड मात्र भरीव, ते जवळजवळ फुगत नाही, चिकटत नाही. दाब त्याला मागे ढकलतो, बोल्टला जाऊन टेकेपर्यंत. पुढचा भाग पकडलेला, मागचा सरकतोय. ताण पडतो तो दोघांच्या सांध्यावर, जिथे जाड भिंत पातळ व्हायला लागते तिथे. आठ-नऊ मिलिमीटरवरच्या त्या खाचेवर.

हे एकदा घडलं तर पितळ सोसतं. तांबं ७० टक्के आणि जस्त ३० टक्के असा हा मिश्रधातू निवडलाच जातो तो ताण सोसण्यासाठी. पण बार झाल्यावर पुंगळी चेंबरच्या मापाची झालेली असते, आणि आपण तिला प्रेसमध्ये घालून पुन्हा खांदा मागे ढकलतो. पुन्हा फट, पुन्हा ताण. दर खेपेला थोडं पितळ सांध्यातून पुढे सरकतं आणि शेवटी मानेच्या तोंडाशी ट्रिमरच्या पात्याखाली येतं.

.३०३ ब्रिटिश वापरणाऱ्यांना हा आजार जुना ओळखीचा. तिथे पुंगळी बुडाच्या बाहेर आलेल्या कड्यावर टेकते, खांद्यावर नाही, आणि युद्धकाळातल्या रायफलींचे चेंबर चिखल-धुळीतही काडतूस शिरावं म्हणून पुढे ऐसपैस ठेवलेले. साइझिंग डायने खांदा छापील मापावर नेला की पुंगळी दोन-तीन बारांतच गळपटते. उपाय एकच, कड्याला विसरायचं आणि तीही खांद्यावर टेकणारी पुंगळी आहे असं समजून डाय लावायची.

मोजमाप

संशय दोघांवर होता, चेंबर मोठा आहे किंवा डाय जास्त उतरते आहे. चेंबरचा निकाल गेजने, म्हणजे काडतुसाच्या जागी बसवायच्या नेमक्या लांबीच्या तुकड्यांनी लागला. गोवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर नको. .३०८ चा गो गेज १.६३० इंचाचा, नो-गो १.६३४ चा, म्हणजे दोघांत दशांश मिलिमीटरचा फरक. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून ठेवले, म्हणजे स्प्रिंगचा जोर बोटांना फसवणार नाही. गोवर बोल्ट बंद झाला, नो-गोवर झाला नाही. रायफल निर्दोष सुटली.

मग व्हर्नियरला खांद्याचं माप घ्यायची कंपेरेटर जोडली. तिचा आकडा म्हणजे पुंगळीचं खरं माप नव्हे, बारानंतरच्या आणि साइझिंगनंतरच्या आकड्यांतला फरक तेवढा खरा. आणि एक बारीक गोष्ट, जिने आमचा पहिला अर्धा तास खाल्ला : मोजण्याआधी वापरलेला प्रायमर काढावा लागतो. बारानंतर प्रायमरची कड किंवा पिनच्या खड्ड्याभोवतीचा उंचवटा बुडाच्या किंचित बाहेर असतो आणि माप दोन-चार शतांशांनी खोटं येतं. आम्हाला जिथे शतांश मिलिमीटर हवा होता तिथे ही मोठी लबाडी.

प्रायमर काढलेल्या दहा पुंगळ्या बारानंतर मोजल्या, डायमधून काढल्या, पुन्हा मोजल्या. फरक ०.२० ते ०.२३ मिमी. दर वेळी.

बोल्ट-अ‍ॅक्शनसाठी ०.०३ ते ०.०५ मिमी पुरतात. आपोआप भरणाऱ्या रायफलींना, बोल्ट हाताने दाबता येत नसल्यामुळे, थोडी जास्त सूट देतात, ०.०८ ते ०.१३. मित्र गरजेच्या चौपट-पाचपट खांदा मागे ढकलत होता. पाच खेपांचा हिशेब मांडला तर एक मिलिमीटर पितळ, तेही चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या एका पट्ट्यातून ओढून काढलेलं. सहाव्याला तुटली यात नवल नाही. पाचव्यापर्यंत टिकली याबद्दल त्या पितळाचे आभार मानायला हवेत.

"पण मी तर कागदावर लिहिलंय तशीच लावलीय डाय," मित्र म्हणाला. खरंच होतं ते. डायच्या डबीतल्या घडीपत्रकात सांगतात : रॅम (प्रेसचा वरखाली होणारा दांडा) वर आणा, डाय शेलहोल्डरला (रॅमवरच्या, पुंगळी धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवा, वर आणखी पाव फेरा द्या. या डायच्या आट्या इंचाला १४, म्हणजे एका फेऱ्याला १.८१ मिमी. पाव फेरा म्हणजे जवळजवळ ०.४५ मिमी. यातलं बरंचसं प्रेसच्या सांध्यांतली ढील आणि लवचिकता खाऊन टाकते, पण पुंगळी डायच्या तळापर्यंत जाणार याची खात्री होते. पत्रक लिहिणाऱ्याची बाजूही कळते. त्याला तुमचा चेंबर माहीत नाही. त्याची जबाबदारी एवढीच, की भरलेलं काडतूस कुठल्याही रायफलीत शिरलं पाहिजे. पुंगळी किती जगते हा त्याचा प्रश्नच नाही.

डाय पुन्हा लावली

इथे एक गंमत आहे आणि ती न कळल्यामुळे बरेच जण अर्ध्यात सोडतात. आम्ही डाय एक फेरा वर घेतली, बाद लॉटमधली, अनेक बार झालेली पुंगळी घेतली (एकदाच बार झालेली पूर्ण फुगलेली नसते, तिच्यावर माप लावू नये), वंगण चोळलं, डायमध्ये घातली आणि मोजली. खांदा मागे जायच्या ऐवजी पुढे आला होता! बारानंतरच्या मापापेक्षा ०.०४ मिमी जास्त. बोल्ट बंद होईना. मित्र म्हणाला, "उलटं चाललंय." उलटं नव्हतं. डाय आधी पुंगळीचं अंग आवळते, आणि आवळलेलं पितळ वर सरकतं, टूथपेस्टची नळी मधोमध दाबल्यासारखं. डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला अजून पोचलेलाच नसतो. इथे घाबरून थांबायचं नाही. थोडं थोडं उतरवत राहायचं.

दहा अंशांचा फेरा म्हणजे ०.०५ मिमी. डायच्या डोक्यावर पेन्सिलीने खुणा केल्या आणि खुणेखुणेने उतरत गेलो. एका जागी बोल्ट जड बंद होऊ लागला, पुढच्या खुणेला हलक्या बोटाने, त्याच्या पुढच्या खुणेला स्वतःच्या वजनाने खाली पडला. तिथे मोजलं तर बारानंतरच्या मापापेक्षा ०.०४ मागे. डाय जागेवर धरणारी लॉकरिंग आवळली, पुन्हा एक पुंगळी मोजली, कारण आवळताना डाय जराशी हलते. रॅम वर नेऊन तीन-चार सेकंद थांबायची सवय लावली. पितळाला सैल पडायला वेळ मिळतो आणि मापं एकसारखी येतात.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, नुसती मान साइझ करा, खांद्याला हात लावू नका. हा सल्ला जुना आहे आणि दोन-चार बारांपुरता बरोबरही. मग पुंगळी सगळ्या बाजूंनी चेंबरइतकी होते, बोल्ट अडखळायला लागतो, आणि ऐन वेळी हातोडीसारखा तळवा मारायची पाळी येते. मला दर वेळी पूर्ण पण मोजून केलेलं साइझिंग पटतं. एकच पद्धत, एकच माप, वहीत एकच रकाना.

दुसरा लॉट आणि दुसरं मरण

नवा लॉट त्याच बनावटीचा घेतला, मुद्दाम. साठ पुंगळ्या. पितळ भिकार आहे की नाही याचा निकाल लागायला तेच पितळ हवं होतं.

सहावा बार झाला, तार आत घातली, सरसर वर आली. ट्रिमिंग पहिल्यांदा पाचव्या बारानंतर लागलं. मित्राने ट्रिमरखालचा चुरा यावेळी झाडला नाही, काचेच्या बाटलीत ठेवला.

नवव्या बाराला एका पुंगळीच्या मानेला उभी चीर गेली. केसाएवढी, तोंडापासून खाली तीन-चार मिलिमीटर. मित्राचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. पहिल्या लॉटला या चिरेपर्यंत पोचायची संधीच मिळाली नव्हती. बूड वाचलं म्हणून मानेची पाळी आली. आता टॉर्चची वेळ होती.

मान का फाटते ते तांबटाला विचारा. भांडं ठोकता ठोकता धातू ताठर होतो आणि आणखी ठोकला तर तडकतो, म्हणून तो मधेमधे भट्टीत घालावा लागतो. पुंगळीची मान दर खेपेला तशीच ठोकली जाते. आम्ही मोजलं : बारानंतर मानेचा बाहेरचा व्यास ८.७६ मिमी, डायने आवळून ८.३८, एक्स्पांडरच्या (मान आतून मोठी करणाऱ्या) गोळ्याने ओढून पुन्हा ८.४६, आणि गोळी बसल्यावर ८.५४. म्हणजे हवी त्यापेक्षा खूप आवळायची आणि मग पुन्हा मोठी करायची. शिवाय तो गोळा मानेतून कोरडा बाहेर येताना किंकाळी फोडत होता आणि खांद्यालाही सोबत ओढत होता. मान आवळणारी कडी (बुशिंग) हव्या त्या मापाची बसवता येते अशी डाय आणली, बुशिंग ८.४८ चं, एक्स्पांडर काढूनच टाकला. पितळाची निम्मी दमछाक तिथेच वाचली.

उरलेल्या एकोणसाठांपैकी तीसच पुंगळ्यांना अ‍ॅनीलिंग दिलं, एकोणतीस तशाच ठेवल्या. मागच्या वेळी मी डोळे मिटून सल्ला दिला होता, या वेळी पाहायचं होतं. बाद लॉटच्या पुंगळ्या इथे कामाला आल्या. मानेच्या आत ४०० अंश सेल्सिअसला वितळणारा रंग, आणि बाहेर अंगावर, खांद्याच्या खाली, २५० अंशांचा. प्रायमर अर्थातच काढलेला. जिवंत प्रायमर असलेली पुंगळी ज्योतीजवळ नेणाऱ्याशी मला बोलायचंच नाही. सॉकेटमध्ये पुंगळी उभी, ड्रिल मंद फिरतंय, ज्योत मान आणि खांदा यांच्या सांध्यावर. आतला रंग वितळला तो आकडा मोजत मोजत, त्याच क्षणी पुंगळी खाली. खालचा रंग कोरडा राहिला. पाच-सहा बाद पुंगळ्यांवर लय जमली, मग खऱ्या पुंगळ्या. पाण्यात टाकायची गरज नसते. पितळ पोलादासारखं पाण्यात विझवल्याने कडक होत नाही, पाण्याने फक्त उष्णता खाली सरकायची थांबते आणि वर पुंगळ्या वाळवत बसावं लागतं. लालभडक करणं मात्र साफ चूक. एक बाद पुंगळी मुद्दाम तशी केली आणि पकडीने तोंड दाबलं. ते दाबल्या जागी शिशासारखं राहिलं. अशी मान गोळी धरणार नाही.

मानेचा ताण आणि पितळ यांचं नातं लष्कराला महागात पडून कळलं होतं. ब्रिटिश सैन्याची भारतातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि नंतर त्यांना चिरा गेलेल्या सापडत, विशेषतः जिथे पुंगळी गोळीभोवती आवळलेली असे तिथे. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं : घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात दबून राहिलेला ताण, दोघं मिळून. म्हणूनच अमोनिया असलेलं भांडी चमकवायचं पॉलिश मी पुंगळ्यांजवळ येऊ देत नाही. मित्राच्या कपाटात ते होतं. चकाकीसाठी वापरत होता. दाणेदार भुशाच्या टंबलरमध्ये दोन तास फिरवलं की पुरे. पुंगळी स्वच्छ हवी, आरसा नको.

बाराव्या बारापर्यंत न तापवलेल्या एकोणतिसांपैकी सात मानेला फाटल्या. तापवलेल्यांत एकही नाही. एकाच रायफलीची गोष्ट आहे ही, नियम म्हणून कोणी पाठ करू नये. पण आणखी एक फायदाही दिसला : तापवलेल्या तिसांचा खांदा साइझिंगनंतर एकसारखा बसत होता, तर बाकीच्यांत दोन-तीन शतांशांचा फेर. ताठर पितळ दाबलं की उसळी मारतं, आणि प्रत्येकाची उसळी वेगळी.

तिसरं

चौदाव्या भरणाला मित्र प्रायमर बसवत होता. हँड-प्रायमरचा खटका दाबताना त्याचा अंगठा थांबला. "हा गेलाच की आत. काही लागलंच नाही."

खोबण सैल झाली होती. मोठ्या रायफल प्रायमरचा व्यास साधारण ५.३३ मिमी, आणि तो बसताना बोटाला एक चिवट विरोध जाणवायला हवा. दर बाराला बूड अगदी किंचित फुगतं आणि एक दिवस खोबण प्रायमर धरेनाशी होते. त्यातून वायू गळला की बोल्टच्या तोंडावर कायमचे खड्डे पडतात. याला औषध नाही. खोबण ठोकून आवळायची अवजारं मिळतात, पण मी ती वापरत नाही. दाबापुढे हरलेलं बूड हातोडीने पुन्हा तरुण होत नाही. करण्यासारखं एकच होतं आणि ते आधीच करायचं होतं : कमाल मर्यादेच्या अगदी काठावर भरायचं नाही. मित्र आता दारू थोडी खाली आणून भरतो. लक्ष्यावर त्याला फरक दिसत नाही, फक्त एलिव्हेशनला (नेम वर उचलायला) दोन खटके जास्त द्यावे लागतात, आणि ते दोन खटके त्याला अजून टोचतात.

त्या पुंगळ्या एकेक करून बाद होतायत. बाद झाली की तो पकडीने तिचं तोंड चपटं करतो, म्हणजे चुकून पुन्हा डब्यात जाणार नाही, आणि भंगाराच्या टोपल्यात टाकतो. पहिल्या लॉटची ती तुटकी टोपी मात्र त्याने प्रेसवरच ठेवली आहे, डायच्या शेजारी, पेन्सिलीच्या खुणेकडे तोंड करून.